नळीतलं धान

दि. ११/१०/२०२५, दुपारी १२ वाजून २० मिनिटं

नाव श्रीमती आक्काताई जोतीराम खबाले. वय अंदाजे ५२. दाखल्यावर एक जून आहे, ती मास्तरांनी घातलेली तारीख आहे, खरी कुणालाच माहीत नाही. धंदा शेती व दोन म्हशी. शिक्षण दुसरी पास, तिसरीत नाव होतं पण बसले नाही. राहणार खबाले मळा, मौजे बोरजाईवाडी, ता. वाळवा, जि. सांगली. मोबाईल आहे, नंबर पाठ नाही.

मी आज रोजी ठाण्यात स्वतः येऊन, महिला अंमलदार नीलिमा मॅडम यांनी विचारल्यावरून, माझ्या तोंडाने सांगते ती हकीकत अशी की,

मी वरील ठिकाणी एकटी राहते. मुलगी अंकिता हिला औंधला दिली आहे. माझे पती जोतीराम बापू खबाले हे मिलिटरीत हवालदार होते, पेन्शनीत आल्यापासून शेती करत होते. ते दि. १७/०२/२०२५ रोजी वारले. घशाला गाठ होती. त्यावर आणखी काही लिहायचं नाही.

माझ्या घराच्या पूर्वेला बांध आहे. बांधापलीकडे माझे धाकटे दीर दादासो बापू खबाले, वय ४८, व त्यांची पत्नी बनुबाई हे राहतात. त्यांचा मुलगा धैर्यशील पुण्यात कंपनीत आहे. दोन्ही घरं हाकेच्या अंतरावर आहेत, पण नऊ वर्षं हाक नाही.

भांडण कशावरून ते विचारलं. पाण्याच्या पाळीवरून. विहीर सामाईक आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात माझ्या पाळीच्या दिवशी त्यांनी व्हॉल्व्ह त्यांच्याकडे फिरवला. मी खोऱ्यानं व्हॉल्व्ह फोडला. आधी कोण चुकलं हे अजून ठरलेलं नाही. पती दोन्हीकडे बोलत होते. मी व दीर बोलत नव्हतो. निरोप असला की मी म्हशीला मोठ्यानं सांगायची, म्हणजे पलीकडे ऐकू जायचं. "आज लाईट दोनला येणार हाय गं, ज्याला मोटर चालू करायची त्यानं करावी." मग ते त्यांच्या बैलाला म्हणायचे, "कळलं म्हणावं." हे हसण्यासाठी सांगत नाही. किती वैर होतं असं विचारलं म्हणून सांगितलं. एवढं होतं. मारामारी कधी झाली नाही, केस कधी झाली नाही.

बंदुकीबाबत. बारा बोअरची दुनळी आहे. परवाना पतीच्या नावे होता. पिकाची राखण आणि जिवाचं संरक्षण असं दोन्ही त्यात लिहिलं आहे असं ते सांगायचे, मला एवढं बारीक वाचता येत नाही. बावीस वर्षं घरात होती. बावीस वर्षांत माणसावर कधी धरली नाही. डुकरं उसात घुसली की आभाळाकडे एक बार काढायचे, डुकरं पळायची, परत यायची. मतदान आलं की ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की घेऊन यायची. मागच्या विधानसभेला दीड महिना जमा होती. त्याच दीड महिन्यात मळ्यात पहिल्यांदा बिबट्याचा माग दिसला. बंदूक नव्हती म्हणून आला असं मी म्हणत नाही, लोक म्हणाले. लोकांचं काय, बंदूक असती तरी आला असता तर आणखी काय तरी म्हणाले असते.

ती घरात असल्यावर मला झोप लागायची, हे खरं आहे. मला चालवता येत नाही. तरी लागायची.

आणि हेही खरं आहे की जानेवारीत पती आजारी असताना त्यांनी मला दोन वेळा विचारलं, काडतुसांचा डबा कुठं हाय. आवाज राहिला नव्हता, हातानं खूण करून विचारलं. डुकरं आलेली नव्हती. मी डबा माळ्यावरून काढून ज्वारीच्या पोत्यात खाली घातला आणि सांगितलं, सापडत न्हाई. कशाला पाहिजे ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्या महिन्यात मला ती घरात असल्यावर झोप लागत नव्हती. म्हणजे वर लिहिलं ते आणि हे दोन्ही खरं आहे. कुठलं एक खरं असं मॅडम विचारतात. मला सांगता येत नाही.

पतीच्या माघारी बंदूक जमा का केली नाही, हे विचारलं. केली होती. म्हणजे करायला आले होते. मार्चमध्ये, तारीख आठवत नाही, बाजाराचा दिवस होता. वाकळेत गुंडाळून एसटीनं आणली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, काय हाय यात?" मी म्हटलं, "नवऱ्याची काठी हाय." तो म्हणाला, "लय जड काठी हाय." मी म्हटलं, "नवरा बी जडच होता, तू तिकीट फाड." ठाण्यात आले तर इथे कुठल्याशा बंदोबस्ताची गडबड होती. समोर बसलेल्यांनी विचारलं, मृत्यूचा दाखला आणला का, परवान्याचं पुस्तक आणलं का, अर्ज कुठे आहे. दाखला होता, पुस्तक घरी राहिलं होतं, अर्ज कुणी लिहून द्यायचा ते ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, सगळं घेऊन परत या. मी म्हटलं, ही तेवढी ठेवून घ्या, कागद मागनं आणते. ते म्हणाले, असं ठेवता येत नाही. मग मी परत वाकळेत गुंडाळून त्याच गाडीनं घरी नेली. कोण होते त्यांचं नाव मला माहीत नाही आणि आता सांगूनही उपयोग नाही.

परत का गेले नाही. गेले असते तर गेले असते, गेले नाही. जूनमध्ये बनुबाईच्या अंगणातलं कुत्रं बिबट्यानं नेलं. साखळी तेवढी राहिली. अंकितानं मार्चमध्ये फोनवर सांगितलं होतं, "आई, ती ब्याद देऊन टाक." जूनमध्ये तिचाच फोन आला, "आई, दिली न्हाईस नव्हं? असू दे बाई." मी काय करायचं? ज्याला परवाना होता तो माणूस नाही आणि बिबट्या आहे. मला एकदा वाटायचं द्यावी, एकदा वाटायचं राहू दे. असं करत सप्टेंबर आला.

ऑगस्टमध्ये ग्रामसभा झाली, ती सांगणं गरजेचं आहे. वनखात्याचे साहेब आले होते. निम्म्या गावाचं म्हणणं की मळ्यात राहणाऱ्या प्रत्येक घराला बंदुकीचा परवाना द्या. साहेब म्हणाले, बिबट्यावर गोळी घातली तर तो गुन्हा आहे. आणि बिबट्यानं माणूस मारला तर वारसाला भरपाई आहे. मी उठून विचारलं, "म्हंजे मी मेल्यावर तुमी येणार, त्याच्या आधी न्हाई?" लोक हसले. साहेबांनी समजावून सांगितलं. समजलं नाही.

त्याच सभेत माझे दीर दादासो उभे राहिले. ते सभेत बोलत नाहीत कधी. ते म्हणाले, "परवाने वाटू नका. घराघरात बंदूक दिली तर बिबट्या एक मरंल आणि बांधावरनं भाऊभाऊ चार मरतील. आमच्यात तवा खोरं होतं म्हणून व्हॉल्व्हवर भागलं." सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. मला राग आला. मी भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "ज्याला रानात एकट्यानं राहायचं न्हाई त्यानं शानपना शिकवू नये." तेवढंच म्हटलं. हे धैर्यशीलनं परवा इथे दिलेल्या तक्रारीत ‘धमकी दिली’ असं लिहिलं आहे. ती धमकी नव्हती. भिंतीला म्हटलं होतं.

आता बंदूक फुटली तिच्या नळीत माती कशी गेली ते. हे तिसऱ्यांदा सांगते आहे, आता नीट लिहून घ्या म्हणजे चौथ्यांदा नको.

नवरात्रात आमच्यात घट बसतो. रानातली माती परडीत घालतात, त्यात गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात, पिवळं धान उगवतं. खंडेनवमीला घरातली हत्यारं धुऊन पुजतात. विळा, खोरं, कुऱ्हाड, औषध मारायचा पंप, आणि आमच्यात बंदूक. दसऱ्याला घट उठला की ते धान उपटून देवाला, टोपीत, गाडीला, हत्याराला खोवतात. बंदूक घटाशेजारी भिंतीला उभी असते, तोंड वर. मी तिच्या दोन्ही नळ्यांत धान खोवते, तुरा दिसतो म्हणून. माती झटकून खोवलं तर धान आडवं पडतं, म्हणून मी मुळाच्या मातीसकट खोवते. यंदा माती लय ओली होती, आत सरकेना. उजव्या नळीत मी रवीच्या दांड्यानं दाबलं. चांगलं खाली गेलं. त्यावर दुसरं खोवलं. हत्यार तपासणारे साहेब म्हणाले, ‘ठासून भरलेली माती’, ती हीच. मुद्दाम भरली का, तर मुद्दामच भरली. देवासाठी भरली. दादासोंच्या हातासाठी नाही.

साहेबांनी विचारलं, दर वर्षी असंच करता? हो. बंदूक आली त्या वर्षापासून. मग आधी कधी नळी फुटली नाही ती कशी, असं त्यांनी विचारलं.

ते मला इथे या बाकड्यावर बसल्यावर कळलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पती अंगणात पोतं टाकून बसायचे. गजाला चिंधी बांधून दोन्ही नळ्या आतून पुसायचे. मग बंदूक मधोमध मोडून उघडायची आणि नळ्या डोळ्याला लावून सूर्याकडे बघायचं. मला वाटायचं मिलिटरीची सवय आहे. रोज दाढी करायचे तसं. मी चहा नेऊन ठेवायची आणि म्हणायची, "झालं का तुमचं नाटक?" बावीस वर्षं तो माणूस माझी माती काढत होता आणि एकदाही म्हणाला नाही की घालू नकोस. बोलायला पाहिजे होतं. यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाळलेलं धान वरून उपटून टाकलं, बंदूक कपाटामागे ठेवली. माती आत राहिली हे माझ्या डोक्यात आलं नाही. कसं येणार.

दि. ०८/१०/२०२५ रोजी सकाळी सहा वाजून दहा मिनिटं झाली असतील, उजाडलं होतं. मी गोठ्यात मोठ्या म्हशीची धार काढत होते. रेडकू पलीकडे बांधलं होतं. म्हशीनं एकदम अंग काढलं. मागे बघितलं तर पत्र्याच्या फटीतून बिबट्या आत आला होता आणि रेडकाचं नाकाड त्याच्या तोंडात होतं. मला पहिल्यांदा कुत्रं वाटलं. मग शेपूट बघितली. मी बादली फेकून मारली आणि ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. बनुबाई म्हणते मी "भावजी" असं ओरडले. तसं असेल तर असेल.

दीर बांधावरून उडी मारून काठी घेऊन आले. अंगात बनियन होती, पायात काही नव्हतं. त्यांनी काठी पत्र्यावर आपटली. बिबट्या कडब्याच्या ढिगाला पाठ लावून बसला, पण रेडकू सोडेना. गुरगुरत होता. दीर माझ्या आणि त्याच्या मध्ये उभे होते.

त्यानंतर बंदूक दादासोंच्या हातात होती. त्यांनी नळी वर पत्र्याकडे धरली आणि चाप ओढला. जनावरावर धरली नव्हती, हे मी वनखात्याच्या साहेबांनाही सांगितलं आहे. आवाज नेहमीचा नव्हता. बिबट्या फटीतून उसात गेला. रेडकू खाली पडलं. दीर उभे होते. उजवी नळी मधून चिरली होती आणि त्यांच्या डाव्या हाताकडे मला बघवलं नाही. ते हाताकडे न बघता खाली बघत होते. म्हणाले, "वैनी, दूध सांडलं बगा सगळं." नऊ वर्षांत माझ्याशी ते पहिल्यांदा बोलले ते हे.

कपाटामागची बंदूक त्यांच्या हातात कशी गेली, हे मॅडमनी परत विचारलं. मधलं मला आठवत नाही. काठी होती, मग बंदूक होती. काडतुसं कुणी घातली, आठवत नाही. डबा ज्वारीच्या पोत्यात होता हे कुणाकुणाला माहीत होतं, असं विचारलं. मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाला नाही. आठवत नाही म्हटलं ना.

मी पदरानं हात बांधला. बनुबाई आली, तिनं हात बघितला आणि मला म्हणाली, "आवं बाई, काय केलंसा ओ हे?" तिनं तसं म्हटलं म्हणजे माझ्यावर आळ घेतला असं नाही, माणूस असं म्हणतंच. शेजारच्या मळ्यातल्या गाडीतून त्यांना आष्ट्याला आणि तिथून मिरजेला नेलं. अंगठा आणि दोन बोटं गेली. रेडकू वाचलं, नाकाला टाके आहेत, पिऊ लागलं आहे. बिबट्या परवा परत दिसला. वनखात्यानं माझ्या उसाच्या कडेला पिंजरा लावला आहे, त्यात शेळी बांधली आहे. ती दिवसभर ओरडते. बिबट्या तिकडे जात नाही.

दि. ०९ रोजी धैर्यशील पुण्याहून आला. बांधावर उभा राहून म्हणाला, "थोरली आई, नऊ वर्षं राग धरलास, पण असा काढशील वाटलं न्हवतं." मी म्हटलं, "बंदूक मी फोडली व्हय रं?" तो म्हणाला, "माती कुणी भरली?" मी म्हटलं, मी भरली. त्यानं तेवढंच ऐकलं आणि ठाण्यात आला. पोराचा बाप दवाखान्यात आहे, त्यानं काय ऐकावं हे मी कोण सांगणार.

काल आमचे सरपंच जयराज घरी आले होते. म्हणाले, "मावशी, सरळ सांगा. दादासोंनी तुमच्या घरात शिरून बंदूक हिसकावून घेतली. तुमी नको नको म्हणत होता. तुमी सुटाल. त्यांचं काय, जखमी माणूस हाय, कोर्ट सांभाळून घेतं." मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. चहा दिला. आज सकाळी इथे आल्यावर पहिल्या तोंडाला मी तेच सांगितलं, ‘हिसकावून घेतली’, आणि मॅडमनी ते एका कागदावर लिहून घेतलं आहे. मग मला आठवत नाही असं सांगितलं. ते दोन्ही लिहिलेलं असू द्या.

यानंतर दुपारी दीडच्या सुमारास मोठे साहेब आले. त्यांनी मला सांगितलं की दादासो यांचा जबाब काल दवाखान्यात झाला आहे, आणि तो मला वाचून दाखवला. त्यात त्यांनी असं सांगितलं आहे की ‘बंदूक कुठे असते हे भाऊ जिवंत असल्यापासून मला ठाऊक होतं. मी स्वतः आत जाऊन ती घेतली. डबाही मीच शोधून काढला. वहिनी म्हशीजवळ होत्या, त्यांना काही माहीत नाही. नळीत माती देवाची होती, वहिनीच्या मनात काही नव्हतं. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. परवाना नसताना हत्यार वापरलं ते मी वापरलं.’

साहेबांनी विचारलं, हे बरोबर आहे का? बरोबर असेल तर तुमच्यावरचं बरंचसं कमी होतं, त्यांच्यावर येतं.

मी विचारलं, त्यांच्यावर येतं म्हणजे काय येतं. साहेबांनी सांगितलं. परवाना नसलेलं हत्यार वापरल्याचा गुन्हा, आणि वनखात्याचं काय ते वेगळं.

मी सांगितलं, खोटं बोलतोय तो. असंच म्हटलं, तसंच लिहा. दादासो खबाले खोटं बोलतात. ते आत गेलेच नाहीत. आमच्या उंबऱ्याला नऊ वर्षांत त्यांचा पाय लागलेला नाही, भाऊ गेला तेव्हा मढ्याला खांदा द्यायला आले तेसुद्धा अंगणातून. ज्वारीचं पोतं कुठलं हे त्यांना काय माहीत.

आत मी गेले. मला सगळं आठवतं. कपाटामागची बंदूक मी काढली. पोतं आडवं केलं, ज्वारी सांडली, डब्यातून काडतुसं घेतली. दोन हातात धरून पळत आले. ते काठी घेऊन तसेच उभे होते, बिबट्याकडे तोंड, माझ्याकडे पाठ. मी म्हटलं, "भावजी, ही घ्या."

ते वळून न बघता म्हणाले, "नको वैनी." वर मी लिहून दिलं की दूध सांडलं हे त्यांचं पहिलं बोलणं. ते खरं नाही, हे होतं.

मी म्हटलं, "आवं घ्या की, रेडकू मेलं." ते म्हणाले, "नको. माझी न्हाई ती. आदी बघावं लागतं तिच्यात." काय बघावं लागतं ते मी विचारलं नाही. आज कळलं काय बघावं लागतं. मी त्यांच्या हातातली काठी ओढून काढली आणि फेकली. बंदूक त्यांच्या हातात कोंबली, काडतुसं कोंबली. ती त्यांनीच आत घातली, हे त्यांचं खरं आहे. त्याआधी नळ्या बघायला ते बंदूक मोडून तोंडासमोर धरत होते. मी त्यांचा दंड धरून हलवला आणि म्हटलं, "बायकूमानूस झालासा काय, हाणा!" मग त्यांनी काडतुसं घालून ती मिटली आणि वर धरली.

दोनदा नको म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायला मी वेळ दिला नाही.

साहेब म्हणाले, बाई, तुम्ही काय सांगताय हे तुम्हाला समजतंय का? पती वारल्यावर हत्यार घरात ठेवलं, ते दुसऱ्याच्या हातात दिलं, त्याला वापरायला लावलं, हे सगळं तुमच्यावर येईल. मी म्हटलं, सगळं समजलं असं म्हणणार नाही. बंदूक असावी की नसावी हे इथे मला सकाळपासून चार वेळा विचारलं, मला अजून सांगता येत नाही. नसती तर काठी होती आणि हात शाबूत होता, रेडकू गेलं असतं. नाही तर काठीवरच बिबट्यानं उडी मारली असती, तर काय गेलं असतं ते कुणाला माहीत. मी तीन दिवस हेच फिरवून फिरवून बघते आहे आणि हाती काही लागत नाही. पण बंदूक कुणी दिली, यात फिरवण्यासारखं काही नाही. मी दिली.

फुटलेली बंदूक मला परत नको. दुसरा परवाना पाहिजे का, वारस म्हणून अर्ज करता येतो, असं मॅडमनी सांगितलं. आज विचारू नका.

मला आज घरी सोडणार की इथे ठेवणार, ते आधी सांगावं. सहाला धार काढायची असते आणि रेडकाला बाटलीनं पाजावं लागतं. ठेवणार असाल तर बनुबाईला फोन लावून द्या. म्हशीला सांगून ते आता पलीकडे पोचणार नाही, मी स्वतः बोलते.

वरचा सगळा मजकूर नीलिमा मॅडमनी मला शब्दन् शब्द मोठ्यानं वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. सकाळच्या कागदावरचं ‘हिसकावून घेतली’ हे माझ्यादेखत खोडून तिथे ‘मी हातात दिली’ असं लिहिलं आहे, ते बरोबर आहे. मला सही करता येते, अंगठा घेऊ नये.

आक्काताई जोतीराम खबाले